भाकरी चालते, पण गिरणी सांभाळा

आज आपण गहू न सोसणाऱ्या मुलांविषयी बोलू. या आजाराला डॉक्टर सिलिॲक म्हणतात. गव्हात आणि जवात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या मुलांच्या लहान आतड्याचं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सारखे जुलाब होतात, पोट फुगतं, वजन-उंची वाढत नाही. लोहाचं औषध देऊनही रक्त वाढत नाही. अशा वेळी नजर काढत बसू नका आणि आईलाही बोल लावू नका. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

शंका आली तर आपल्याच मनाने गहू बंद करू नका. आधी बंद केला तर तपासणीत आजार सापडत नाही. प्रथम रक्त तपासतात. गरज वाटली तर डॉक्टर दुर्बिणीने आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. आजार निघाला तर भावंडांनाही तपासून घ्या.

यावर उपाय एकच, गहू आणि जव जन्मभर बंद. म्हणजे पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटं नाहीत. खपलीसुद्धा गहूच आहे. सातूच्या पिठात गहू असतो, हिंगातही गव्हाचं पीठ मिसळलेलं असू शकतं. पण ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा ही सगळी धान्यं चालतात. म्हणजे मुलाचं जेवण आपल्या शिवारातच आहे.

तरीही काही मुलं भाकरी खाऊनही सुधारत नाहीत. अशा वेळी गिरणीकडे बघा. आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ दगडांत राहतं आणि आपल्या ज्वारीत येतं. नुसतं झाडून ते पुरतं निघत नाही. या मुलाचं दळण गहू कधीच न दळलेल्या घरच्या जात्यावर, नाहीतर तशाच घरघंटीवर करा. बाजारच्या ज्वारीत गव्हाचे दाणे असतात, ते निवडून काढा. चाळणी, परात, तवा वेगळा ठेवा. पुऱ्या तळलेलं तेल या मुलाला वापरू नका.

“एका घासाने काय होतंय?” असं घरातली मोठी माणसं मायेने म्हणतात. पण एका घासानेही आतडं दुखावतं, मूल वरून बरं दिसलं तरी. सत्यनारायणाचा शिरा रव्याचा असतो. या मुलाच्या हातावर केळं ठेवा, देवाचा प्रसाद तोही आहेच. अंगणवाडीत आणि शाळेत बाईंना आधीच सांगून ठेवा.

एकट्या आईने हे सगळं निभावणं अवघड आहे. गावात असं मूल असेल तर बचत गटाने एक घरघंटी बिनगव्हाच्या दळणासाठी राखून ठेवावी. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या.