न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस

ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्थानकांबाहेर लॉटरीच्या टपऱ्या वर्षानुवर्षे उभ्या आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचे तिकीट तेथे घेणारा हमाल वा रिक्षावाला एक गोष्ट पक्की जाणतो: तिकीट खिशात असेल तरच बक्षीस लागते. आश्चर्य असे की, या टपरीकडे तुच्छतेने पाहत लोकल गाठणारा पदवीधर कारकून किंवा शिक्षक, ज्या लॉटरीचे तिकीट त्याने कधी काढलेच नाही तिचे कोट्यवधींचे बक्षीस आपल्याला लागले आहे, हे एका ई-मेलवरून खरे मानावयास तयार होतो.

याला केवळ हाव म्हणणे हा सोपा निवाडा झाला. आमच्या मते येथे दगा होतो तो कागदावरील श्रद्धेचा. ज्यांचे आयुष्य जावक क्रमांक, शिक्का आणि सही यांच्या आधाराने चालते, त्यांना तोच साज चढवलेले पत्र खोटे वाटत नाही. ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी, एखादी जगप्रसिद्ध कंपनी, फार काय, रिझर्व्ह बँक यांचे बोधचिन्ह, संदर्भ क्रमांक, अधिकाऱ्याची सही, सारे काही जागच्या जागी असते. अलीकडच्या काळात व्हॉट्सॲपवर ‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने २५ लाखांचे निरोप येऊ लागले. वेश बदलला, डाव तोच राहिला.

हा डाव ठरलेला आहे. आधी अभिनंदन, मग ‘ही गोष्ट गुप्त ठेवा’ अशी ताकीद, मग प्रक्रिया शुल्क. ते भरले की सीमाशुल्क, नंतर चलन बदलण्याचा खर्च, शेवटी प्राप्तिकर. आधी भरलेले बुडू नये म्हणून माणूस पुढचे भरत जातो आणि आयुष्यभराची पुंजी पाहता पाहता सरते.

वस्तुतः पारख अवघड नाही. रोख बक्षिसावरील प्राप्तिकर बक्षिसातूनच कापला जातो. तो कोणा अनोळखी इसमाच्या खात्यात आगाऊ भरावा लागत नाही. रिझर्व्ह बँक व्यक्तींची खाती ठेवीत नाही. तेव्हा आपले बक्षीस तिच्याकडे अडकून पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय अशा लॉटरीसाठी परदेशी पैसे पाठविण्यास परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने मनाई आहे. मे २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना हे बजावलेही होते.

पत्र परदेशाचे असले, तरी पैसे भरावयाचे खाते बहुधा इथलेच, कोणाकडून तरी भाड्याने घेतलेले असते. थोड्याशा दलालीसाठी आपले खाते व एटीएम कार्ड परक्याच्या हाती देणाऱ्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे की, पोलिसांचा माग प्रथम त्याच्याच दारी येऊन थांबतो. ठक नेहमी दूरदेशीचाच असतो, या भ्रमातही कोणी राहू नये. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकी नागरिकांना त्यांच्या करखात्याच्या नावाने धमकावून लुबाडले जात असल्याचे उघडकीस आले. सरकारी नावाचा दरारा तिकडेही असाच कामी आला होता.

ठकाचा सर्वांत विश्वासू साथीदार म्हणजे आपले मौन. ‘शिकलासवरलेला माणूस असा कसा फसला?’ या प्रश्नाच्या धास्तीने कित्येक जण घरीही बोलत नाहीत, मग पोलिसांकडे जाणे दूरच. परंतु पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळविले, तर ती रक्कम काढली जाण्यापूर्वी बँकेतच रोखली जाण्याचा संभव असतो. येथे तासातासाला मोल आहे, आणि लाजेपायी घालविलेला दिवस ठकाच्याच पदरी पडतो.

म्हणून, गुप्त ठेवा असे बजावणारे पत्र आले, तर ते संध्याकाळी घरातील सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे. तिकीट कोणी व कधी काढले, एवढा एकच प्रश्न कोणी ना कोणी विचारीलच.