बॉयलरच्या पाण्यातला प्राणवायू

साहित्याच्या व्याख्यानमालेत बॉयलरचा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पण आपल्यापैकी अनेकांची घरे ऊसपट्ट्यात आहेत. चिकोडी, अथणी, हुक्केरीकडे गळित हंगामात रस्ते उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेले असतात. त्या उसाचा रस काढल्यावर उरणारे चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेत बगॅस, आता केवळ चुलाणात जाळण्याची वस्तू राहिलेली नाही. अनेक कारखान्यांत त्यावर उच्च दाबाचे बॉयलर चालतात, त्यांच्या वाफेवर टर्बाइन फिरते आणि उरलेली वीज विकली जाते. या सगळ्या उलाढालीला आतून पोखरणारा एक शत्रू आहे. तो म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो. बॉयलरच्या बाबतीत मात्र हे नाव उलटे लागू पडते.

हवेला टेकलेल्या कोणत्याही पाण्यात ऑक्सिजन विरघळतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असते. नदीतले मासे त्यावरच जगतात. हेच पाणी बॉयलरमध्ये गेले तर काय होईल? ताशी १०० टन वाफ देणाऱ्या बॉयलरला असे ताजे पाणी तसेच पुरवले, तर दर तासाला ८०० ग्रॅम ऑक्सिजन आत जाईल. तो सगळा लोखंडाशी संयोग पावला, तर तासाला पावणेदोन किलोंहून अधिक लोखंडाचा गंज होईल.

खरा धोका केवळ वजनाचा नाही. चांगल्या स्थितीतल्या बॉयलरच्या नळ्यांना आतून काळ्या लोह-ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि तोच त्यांचे रक्षण करतो. ऑक्सिजन हा थर सगळीकडे सारखा झिजवत नाही. तो ठिकठिकाणी भोक पाडतो आणि त्या एकाच जागी खोल खड्डा करत जातो. नळीचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, पण एका टोकदार खड्ड्यातून ती फुटते. नळी फुटली की बॉयलर बंद करावा लागतो आणि गाळप थांबते. तोडलेला ऊस गाडीतच सुकू लागतो आणि त्यातली साखर घटत जाते. जवळ काम करणाऱ्या माणसाच्या जिवालाही धोका असतो.

म्हणून पाणी बॉयलरमध्ये जाण्याआधी डिएरेटर नावाच्या टाकीतून जाते. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, हे तत्त्व इथे वापरलेले आहे. पाण्याचे थेंब वाफेत तापवले जातात आणि सुटलेला वायू वरच्या लहान तोटीतून बाहेर पडतो. चांगला डिएरेटर ऑक्सिजन ७ पीपीबीपर्यंत खाली आणतो. पीपीबी म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग. हजार लिटरच्या टाकीत सात मिलिग्रॅम, म्हणजे साखरेचे मोजकेच दाणे! उरलासुरला ऑक्सिजन सोडियम सल्फाइटसारखे रसायन टिपून घेते. सल्फाइट फार उच्च दाबाला टिकत नाही. हायड्राझिन टिकते, पण ते विषारी आहे व त्यापासून कर्करोगाचा संशय आहे. म्हणून अनेक ठिकाणी त्याचे पर्याय वापरतात.

एवढे अल्प प्रमाण मोजायचे कसे? हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ लायोश विंकलर यांनी १८८८ साली दिलेली पद्धत नदीच्या पाण्यासाठी आजही उत्तम आहे. पण पीपीबीच्या पातळीवर बाटलीला लागलेली हवाच उत्तर बिघडवते. म्हणून प्रयोगशाळेत निर्वात काचेची कुपी वापरतात. वाहत्या पाण्यात तिचे टोक मोडले की पाणी आपोआप आत ओढले जाते आणि गुलाबी रंग चढतो. तो नमुन्याच्या रंगांशी ताडून आकडा ठरवतात. सतत मोजण्यासाठी पडद्याचा इलेक्ट्रोड असतो. अमेरिकेच्या लिलँड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात तो रक्तातल्या ऑक्सिजनसाठी तयार केला होता. आता प्रकाशावर चालणारे संवेदकही आले आहेत.

उपकरण कितीही चांगले असले तरी नमुना चुकीचा असेल तर आकडा खोटाच येतो. नमुन्याचे पाणी आधी थंड करावे लागते. नळी स्टेनलेस स्टीलची हवी; रबरी नळीतून हवा शिरते. एक साधी कसोटी लक्षात ठेवा. नमुन्याचा प्रवाह वाढवल्यावर आकडा खाली आला, तर नळीच्या जोडात कुठेतरी हवा शिरते आहे. वर गेला, तर नळीतच थोडा ऑक्सिजन खर्च होतो आहे.

मोजमाप कुठे करायचे, हेही तितकेच महत्त्वाचे. रसायन टाकल्यावर मोजले तर आकडा नेहमीच सुंदर दिसतो, आणि डिएरेटरचा बिघाड त्यामागे झाकला जातो. म्हणून डिएरेटरची परीक्षा घ्यायची तर रसायन मिसळण्याआधीचे पाणी घ्यावे, किंवा रसायन थोडा वेळ थांबवावे. बिघाडाची कारणे बहुधा साधी असतात. वाफ वाचवायची म्हणून कुणीतरी वरची तोटी बंद केलेली असते. पंपाच्या ग्लँडमधून हवा ओढली जाते. ओले चिपाड आल्याने वाफेचा दाब खाली-वर होतो आणि पाणी पुरेसे तापत नाही. सुमारे ०.२ किलो दाबाच्या डिएरेटरमध्ये पाणी १०५ अंशांच्या आसपास हवे. ते खाली असेल, तर ऑक्सिजन मोजण्याआधीच दोष कळतो.

चिपाडावर चालणाऱ्या संचांची आणखी एक अडचण म्हणजे हंगाम. गाळप संपले की बॉयलर कित्येक महिने बंद राहतो. अर्धवट पाणी राहिलेल्या थंड नळ्यांत हवा शिरते, आणि चालू बॉयलरपेक्षा बंद बॉयलर जास्त गंजू शकतो. तो पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवावा, किंवा रसायनयुक्त पाण्याने काठोकाठ भरून वर नायट्रोजनचा दाब द्यावा. मधली स्थिती सगळ्यात वाईट.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सभेत उसाचा दर आपण विचारतोच. त्याबरोबर तीन प्रश्न विचारून पाहा. डिएरेटरनंतर, रसायनाआधी, ऑक्सिजन किती असतो? तो कोण आणि किती वेळा मोजतो? बंद काळात बॉयलर कसा ठेवला जातो? रोजच्या नोंदवहीत हे आकडे असतील तर उत्तर लगेच मिळेल. नसतील, तर त्या प्रश्नामुळे तरी ती वही सुरू होईल.