चैत्र-वैशाखातील दुर्मिळ पक्षी व त्यांची नोंद

रब्बीची काढणी व मळणी आटोपली म्हणजे शिवार उघडे पडते. चैत्र-वैशाखाच्या उन्हात नांगरट, धसकटे वेचणे, शेणखत पसरणे व बांधबंदिस्ती ही कामे चालू असतात. शेतकऱ्याला हे दिवस कोरडे वाटत असले तरी पक्षिजीवनाच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहेत. याच सुमारास काही पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, काही आटत्या तलावांच्या काठी एकत्र येतात, तर काही दूर देशांहून पावसाच्या पुढे येऊन पोहोचतात. यांपैकी कित्येक पक्षी आता दुर्मिळ झाले आहेत, आणि ते प्रथम दृष्टीस पडतात ते बहुधा नांगर धरणाऱ्याच्या किंवा गुरे राखणाऱ्याच्या. म्हणून हे पक्षी ओळखणे, त्यांची खरी नोंद ठेवणे व त्यांना अपाय होऊ न देणे हे काम गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या व शेतकऱ्यांच्याच हातून नीट होऊ शकते.

माळरानावरील पक्षी

सोलापूर व अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोरडवाहू माळ हे माळढोक पक्ष्याचे जुने घर होय. सुमारे एक मीटर उंचीचा, तपकिरी पाठीचा, पांढऱ्या मानेचा व डोक्यावर काळी टोपी असलेला हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतील अतिशय वजनदार पक्ष्यांपैकी एक असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. नाकतोडे, भुंगेरे व सरडे हे त्याचे खाद्य असल्याने तो शेतीचा मित्रच आहे. त्याच्या रक्षणार्थ १९७९ साली नान्नज परिसर धरून अभयारण्य घोषित झाले. तरीही माळरान कमी होत गेले, विजेच्या तारांना धडकून पक्षी मरू लागले, आणि मादी एका विणीत बहुधा एकच अंडे घालीत असल्याने झालेली हानी भरून निघाली नाही. गेल्या काही वर्षांत नान्नजच्या माळावर एकटादुकटा माळढोक दिसणे हीच मोठी बातमी झाली आहे. उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानातील जैसलमेर भागात आहेत.

माळढोक दिसण्याचा योग क्वचितच येईल. परंतु धाविक व टिटवी यांची अंडी मात्र कित्येक शिवारांत या दिवसांत सापडतात. धाविक हा तांबूस तपकिरी रंगाचा, डोळ्यातून काळी व भुवईवर पांढरी रेघ असलेला पक्षी होय. तो थोडे अंतर धावतो, थबकतो, वाकून किडा टिपतो व पुन्हा धावू लागतो. त्याची दोन-तीन अंडी पडीक रानात उघड्या मातीवरच असतात. टिटवी उथळ खळग्यात खडे मांडून बहुधा चार अंडी घालते व माणूस जवळ येताच ओरडून डोक्यावर घिरट्या घालू लागते. तिचा हा ओरडा अपशकुन नसून घरटे जवळ असल्याची खूण आहे. अशा वेळी औत किंवा ट्रॅक्टर थांबवून अंडी शोधावीत, शेजारी एक खुंटी रोवावी व भोवतीचा दोन-तीन हातांचा तुकडा तूर्त तसाच सोडून नांगरट पुढे न्यावी. टिटवीची अंडी साधारणपणे चार आठवड्यांत उबतात व पिले लगोलग चालू लागतात. नंतर तो तुकडा नांगरला तरी हंगामाचे काही बिघडत नाही.

बांधावरचे गवत व धसकटे पेटवून देण्याची रीत मात्र सोडली पाहिजे. तिच्यामुळे जमिनीवरील घरटी तर जळतातच, शिवाय मातीत मिसळून खत होऊ शकणारा काडीकचराही वाया जातो.

तलावांच्या काठी

गोंदिया जिल्हा हा महाराष्ट्रातील सारस क्रौंचाचा मुख्य आश्रय होय. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातही तो थोड्या संख्येने आढळतो. राखी रंगाचा, तांबड्या डोक्यामानेचा व माणसाच्या उंचीला पोहोचणारा हा पक्षी जोडीने राहतो. पावसाळ्यात तो पाणथळीत व भाताच्या बांधीत घरटे करतो. उन्हाळ्यात मात्र लहान बोड्या आटल्या म्हणजे उरलेल्या तलावांवर त्याच्या जोड्या येऊन थांबतात. त्यामुळे पावसाळा लागण्यापूर्वीचा हा काळ मोजणीस सोयीचा असतो, व पहाटे ठिकठिकाणच्या तलावांवर गावकऱ्यांच्या मदतीने सारसांची मोजदाद केली जाते. तीत भरणारे पक्षी अवघे काही डझनच असतात. जेथे एक जोडी दगावली असता संपूर्ण गावाचा सारस नाहीसा होतो, तेथे तलावाच्या काठावरील पिकावर कीटकनाशक फवारताना व उरलेले औषध ओतून देताना विशेष दक्षता घेतली पाहिजे. फवारणीचा पंप तलावात धुऊ नये, हा नियम गुरांच्या हितासाठीही आवश्यक आहे.

पुणे व सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवरील उजनी जलाशयात पाणी उतरू लागले म्हणजे उथळ चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात. ते उन्हाळ्यात कोणत्या तारखेपर्यंत थांबले याची नोंद पाण्याच्या पातळीबरोबर ठेवल्यास ती अधिक उपयोगाची ठरते.

गिधाडे आणि गुरांची औषधे

रायगड जिल्ह्यातील म्हसळा-श्रीवर्धन भागात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी अद्याप आहेत. वर्षातून एकच अंडे घालणाऱ्या या पक्ष्याची पिले उन्हाळ्याच्या आरंभी उडण्यास शिकतात. एके काळी प्रत्येक गावाच्या ढोरफोडीवर दिसणारी ही गिधाडे १९९०च्या दशकापासून झपाट्याने नाहीशी झाली. देशातील या जातीच्या शेकडा नव्व्याण्णवहून अधिक पक्ष्यांचा ऱ्हास झाला. त्याचे कारण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने उघड केले. दुखणे व सूज यांवर गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते व मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात.

गुरांसाठी या औषधाच्या वापरावर २००६ साली बंदी आली. माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळवल्या जात असल्याचे दिसून आल्यावर २०१५ साली त्याचे इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरते मर्यादित करण्यात आले. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक या औषधांच्या पशूंसाठीच्या वापरावरही बंदी घालण्यात आली. गिधाडांना निर्धोक ठरलेले मेलॉक्झिकॅम हे औषध उपलब्ध आहे. जनावर आजारी पडल्यास पशुवैद्याकडे त्याचीच मागणी करावी, आणि औषध दिलेले जनावर मेल्यास ते उघड्यावर न टाकता पुरावे. गिधाडे मेलेले ढोर फार थोड्या वेळात संपवून गावाभोवतीची दुर्गंधी व भटक्या कुत्र्यांचा उपद्रव कमी ठेवीत असत, ही गोष्ट वयस्क शेतकऱ्यांच्या स्मरणात असेलच.

पावसाआधीचे पाहुणे

मे महिन्याच्या उत्तरार्धात नवरंग हा अनेक रंगांचा, आखूड शेपटीचा पक्षी दक्षिण भारत व श्रीलंकेकडून उत्तरेकडे येतो. तो रात्री प्रवास करतो. दमलेला नवरंग सकाळी अंगणात, गोठ्यात किंवा भिंतीशी बसलेला सापडतो. त्यास पिंजऱ्यात घालू नये व मुलांच्या हाती देऊ नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी त्याला विसावा द्यावा. जखम नसल्यास सायंकाळी झाडीजवळ सोडून द्यावे. जखम असल्यास वनविभागास कळवावे.

याच सुमारास काळापांढरा, तुरेवाला चातक आफ्रिकेतून येतो. तो आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. म्हणून सातभाईंना आसरा देणारी बांधावरची झुडपे राहिली तरच चातकही राहतो. पावशाची ‘पेरते व्हा’ ही हाकही आता ऐकू येऊ लागते. ती तारीख अवश्य लिहून ठेवावी, परंतु पेरणी त्या हाकेवर करू नये. साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच खरिपाची पेरणी करावी.

नोंदीचे मोल

खोटी किंवा अदमासाने केलेली नोंद किती नुकसान करते, याचे उदाहरण खानदेशातच आहे. वनपिंगळा या लहान घुबडाचा नमुना १८८४ साली मिळाल्यानंतर तो पक्षी दिसेनासा झाला. पुढे रिचर्ड माइनर्टझॅगन या इंग्रज संग्राहकाने आपला नमुना १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे नमूद केले. प्रत्यक्षात तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. ती नोंद खरी मानल्याने शोधकांची दिशाभूल झाली. ती बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या आधारे शोध घेताच नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना वनपिंगळा पुन्हा आढळला. ११३ वर्षांनी पक्षी सापडला तो त्याच भागात, जेथील जुने टिपण प्रामाणिक होते.

म्हणून नोंद करताना पुढील गोष्टी लिहाव्यात :

१. तारीख, वेळ, गाव व शिवाराचे नाव.
२. पक्ष्यांची संख्या, नर, मादी व पिले ओळखता आल्यास तसे.
३. जागा कशी होती : पडीक, नांगरलेली, तलावकाठ किंवा झाडी.
४. पक्षी काय करीत होता.
५. ओळख निश्चित नसल्यास रंग, आकार व आवाज यांचे वर्णन. नाव अंदाजाने घालू नये.

ही माहिती ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवहीसाठी द्यावी. मात्र दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याची जागा चावडीवर किंवा भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पसरवू नये. बघ्यांची व छायाचित्रे घेणाऱ्यांची गर्दी झाल्यास पक्षी अंडी सोडून जातो. ती जागा वनरक्षकास किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवणे पुरेसे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अशा पक्ष्यास पकडणे किंवा त्याची अंडी उचलणे हा गुन्हा आहे, हेही गावात समजावून सांगावे.

या कामास खर्च नाही. शेतकऱ्याने एक वही गोठ्यातील कोनाड्यात ठेवावी व दरवर्षी चैत्रापासून मृगापर्यंत जे दिसले ते त्याच दिवशी लिहावे. एखाद्या वर्षी टिटवीखेरीज काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. दहा वर्षांनी गावात कोणता पक्षी टिकला व कोणता गेला, हे त्या वहीवरूनच कळेल. आणि जाऊ पाहणारा पक्षी वेळीच ध्यानात आला तर त्याला राखण्याचा उपायही वेळीच करता येईल.