केळीच्या मुलखातील परके तेल

रावेर, सावदा, निंभोरा ही लहान स्थानके उत्तर भारतातील फळबाजारांना ठाऊक झाली ती केळीमुळे. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्याने जळगावला ‘केळीचा जिल्हा’ अशी ओळख दिली आणि २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फळांच्या बाबतीत एवढा संपन्न असलेला हा मुलूख आहारातील तेलासाठी मात्र हळूहळू परावलंबी होत गेला. विशेष हे की, ज्या परक्या तेलाने त्याच्या कढईत जागा मिळवली, तेही एका फळाचेच तेल आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६१ पासूनच्या वर्षांसाठी देशोदेशींचे अन्नताळेबंद मांडलेले आहेत. माणशी दररोज किती उष्मांक, किती प्रथिने आणि किती ग्रॅम स्निग्धांश कोणत्या अन्नगटातून उपलब्ध झाला, हे त्यांत पाहावयास मिळते. ‘फळे’ या गटापुढील स्निग्धांशाचा आकडा बहुधा नगण्य असतो. शंभर ग्रॅम केळ्यात स्निग्धांश जेमतेम ०.३ ग्रॅम, पेरू, पपई, आंबा यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. एखाद्या लहान देशात ॲव्होकॅडो खाण्याची रीत असेल तर हा आकडा थोडा वर सरकतो, कारण त्या फळाच्या गरात सुमारे पंधरा टक्के स्निग्धांश असतो. परंतु या रकान्यावर विसंबणारा वाचक फसण्याचा संभव आहे. पामतेल हे बियांचे नव्हे, तर पामच्या फळाच्या गरातून निघणारे तेल होय. ताळेबंदात मात्र ते ‘वनस्पती तेले’ या गटात जाते. त्यामुळे फळापासून मिळणारा सर्वांत मोठा स्निग्धांश फळांच्या रकान्यात दिसतच नाही.

खानदेशच्या ताटातील बदल असाच नजरेआड घडला. या भागाचा स्निग्धांश पूर्वापार शेतातून येत असे: भुईमूग, तीळ आणि कापसाबरोबर येणारी सरकी यांतून. भरितात पडणारे शेंगदाणे, खिचडीवर ओतलेली कच्च्या तेलाची धार, भाकरीबरोबरची दाण्याची चटणी ही त्याची रोजची रूपे. या पिकांच्या भरवशावर येथे उद्योगही उभे राहिले. १९४५ च्या डिसेंबरात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली ती तेव्हाच्या पूर्व खानदेशातील अमळनेरला. संगणक क्षेत्रात पुढे नावाजलेल्या ‘विप्रो’चा आरंभ तेलाच्या या कारखान्यातून झाला. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने दिलेला भुईमुगाचा ‘जेएल-२४’ अर्थात ‘फुले प्रगती’ हा वाण तर देशाच्या सीमा ओलांडून गेला. आफ्रिकेतील मलावीसारख्या लहान देशात तो ‘काकोमा’ या नावाने पेरला जातो. जळगावच्या वाणाने दूरच्या ताटात स्निग्धांशाची भर घातली. प्रत्यक्ष जळगाव-धुळ्याच्या शिवारात मात्र भुईमूग मागे पडत गेला.

असे का व्हावे? भुईमुगाला काढणीच्या वेळी मजूर पुष्कळ लागतात, शेंगा भरताना पाण्याचा ताण सोसत नाही, काढणीला पाऊस आला की माल काळवंडतो, आणि रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. त्यातच कापूस व मका यांनी जमीन व्यापली. २००२ नंतर बीटी कापसाने ती ओढ अधिकच वाढवली. दुसरीकडे सरकारच्या धोरणानेही वळण घेतले. १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदीच्या आरंभी देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली, पुढे आयात शुल्क उतरत गेले आणि कमावलेली स्वयंपूर्णता अल्पावधीत हातची गेली.

नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात खाद्यतेलाचा वापर माणशी वर्षाला १९.७ किलोपर्यंत गेला असून, गरजेच्या जेमतेम ४० ते ४५ टक्के तेल देशात पिकते. दिवसाचा हिशेब केला तर हे प्रमाण माणशी ५० ग्रॅमहून अधिक भरते. बैठे काम करणाऱ्या प्रौढास २० ते २५ ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे, असा पोषणतज्ज्ञांचा सल्ला आहे. म्हणजे प्रश्न केवळ तेल कोठून येते एवढाच नाही, ते किती खाल्ले जाते हाही आहे. केळीचे वेफर्स हे याचे बोलके उदाहरण. केळे स्वतः स्निग्धांशाविना असते. तळून निघालेल्या वेफर्समध्ये मात्र सुमारे एकतृतीयांश तेल असू शकते, आणि कढईत पामोलीन असेल तर रावेरच्या फळाला सातासमुद्रापलीकडच्या फळाचे तेल चिकटते.

पामतेलाला सरसकट विष ठरवणे न्यायाचे होणार नाही. महागाईच्या काळात शिधापत्रिकेवरील पामोलीनने गरिबांची फोडणी टिकवली. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत दिलेल्या ‘आनंदाचा शिधा’ संचातही एक लिटर पामतेल होते. तथापि, त्यातील जवळजवळ निम्मा स्निग्धांश संपृक्त असतो, शेंगदाणा तेलात तो सुमारे एकपंचमांश असतो, हेही विसरता येत नाही. शिवाय २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे रोखली, तेव्हा एका परदेशी निर्णयाने येथील घराघरांतील फोडणीचा खर्च कसा हेलकावतो, हे दिसून आले.

यावर केंद्राने २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांचे पामतेल अभियान मंजूर केले. परंतु पामला वर्षभर पाणी लागते. रावेर-यावलमध्ये विहिरी व कूपनलिकांचे पाणी केळीसाठी आधीच खोल गेलेले असताना खानदेशला तो मार्ग परवडणारा नाही. त्याला हवी आहे ती आपल्याच पिकाची फेरमांडणी. हमीभावाने भुईमुगाची वेळेवर खरेदी, काढणीची सुलभ यंत्रे, ठिबकवरील उन्हाळी भुईमुगास प्रोत्साहन आणि शालेय पोषण आहारात स्थानिक शेंगदाण्याला स्थान, या गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत.

त्याआधी एक साधे काम करता येण्याजोगे आहे. देशाचा मांडतात तसा जळगाव व धुळे जिल्ह्यांचा अन्नताळेबंद मांडावा. जिल्ह्यात किती तेल पिकते, किती बाहेरून येते आणि माणशी किती पोटात जाते, हे त्यातून कळेल. केळीच्या घडांचा नि वॅगनांचा हिशेब जो जिल्हा काटेकोरपणे ठेवतो, त्याला आपल्या ताटातील तेलाचा हिशेब ठेवणे जड जाऊ नये.