वर्षाच्या मध्यावर कायदा बदलतो तेव्हा : प्राप्तिकराच्या परताव्याविषयी

दरमहा पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर हा अंदाजाने कापलेला असतो, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. वर्षभराच्या उत्पन्नाचा हिशेब मांडून कार्यालय एप्रिलपासून कपात सुरू करते. पुढे कायदाच बदलला, की अंदाज आणि प्रत्यक्ष देय कर यांत अंतर पडते. परतावा म्हणजे हे अंतर होय. ती शासनाची देणगी नव्हे.

2024 चे उदाहरण बोलके आहे. लोकसभेच्या निवडणुकीमुळे त्या वर्षीचा पूर्ण अर्थसंकल्प 23 जुलै रोजी मांडला गेला आणि 16 ऑगस्टला वित्त विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली. नव्या करपद्धतीतील प्रमाणित वजावट 50,000 रुपयांवरून 75,000 रुपये झाली, कराचे टप्पेही बदलले. आणि हे सारे 1 एप्रिल 2024 पासूनच्या उत्पन्नास लागू झाले. वर्षाला 12 लाख रुपये वेतन असलेल्या, अन्य उत्पन्न नसलेल्या शिक्षकाचा कर आधीच्या टप्प्यांनुसार उपकरासह 85,800 रुपये होत होता. तो 71,500 वर आला. जुलैअखेर सुमारे 28,600 रुपये कापले गेले होते. आहरण व संवितरण अधिकाऱ्याने उरलेल्या आठ महिन्यांत कपात कमी केली असेल, तर येणे काही राहिले नाही. जुन्याच हिशेबाने कपात चालू राहिली असेल, तर 14,300 रुपये जादा जमा झाले. ते परत मिळण्याचा मार्ग विवरणपत्राचाच.

मे किंवा जूनअखेर निवृत्त झालेल्यांची अडचण अधिक. त्यांच्या बाबतीत दुरुस्ती करण्यास जुन्या कार्यालयाकडे पगारपत्रकच उरले नव्हते. ‘आता आपले उत्पन्न करपात्र नाही’ असे समजून ज्यांनी विवरणपत्र भरले नाही, त्यांचे पैसे खजिन्यातच राहिले.

या बदलांचा दुसरा परिणाम पुढील वर्षी दिसला. नमुन्यांत बरेच फेरफार करावे लागल्याने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 27 मे 2025 रोजी विवरणपत्राची मुदत 31 जुलैवरून 15 सप्टेंबरपर्यंत वाढवली. शेवटी आणखी एक दिवस मिळाला. साहजिकच अनेकांचे परतावे लांबले. मात्र मुदतीत विवरणपत्र भरणाऱ्यास 1 एप्रिल 2025 पासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळण्याची तरतूद होती. उशिरा भरणाऱ्याचे व्याज भरल्याच्या तारखेपासून मोजले जाई, आणि परतावा निर्धारित कराच्या 10 टक्क्यांहून कमी असल्यास व्याज नसे. वरील शिक्षकाला सप्टेंबरात परतावा मिळाला असता, तर सहा महिन्यांचे 429 रुपये व्याज झाले असते. हे व्याजही पुढील वर्षाच्या करपात्र उत्पन्नात दाखवावे लागते.