राखणीचा कुत्रा आणि भरंवशाचा पशुवैद्य

या मासिकांतून ऊस, ज्वारी, खतें, खिलार बैल आणि विहिरींचें पाणी यांविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. कुत्र्यासारख्या प्राण्यासाठीं येथें जागा मागावी हें कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. दोन वर्षांपूर्वीं आम्हांसही तसेंच वाटलें असतें. परंतु वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याकडे बैलाच्या खालोखाल ज्याची चाकरी चालते, त्याच्या दुखण्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. ती न केल्याची किंमत घरच्या माणसांसही कशी मोजावी लागते, हें आम्हीं स्वतः अनुभवलें आहे. म्हणून हा लेख लिहिण्याचें धाडस करीत आहों.

माळशिरस तालुक्यांतील आमचें वेळापूर हें गांव अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवालयामुळें व ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळें सर्वांस माहीत आहे. रस्ता मोठा, बाजार बरा, अकलूजही जवळ. मग उपचारांची अडचण ती कोठली, असें कोणीही विचारील. पण गांव रस्त्यावर असलें म्हणून वस्ती रस्त्यावर येत नाहीं. उंसाच्या फडांमागें, ओढ्यापलीकडे एकेक घर आहे, आणि पावसाळ्यांत तेथवर चाक पोंचत नाहीं. तरीही बैल बसला किंवा गाय अडली तर डॉक्टरांस आणलें जातें, कारण त्यांत पैसा गुंतलेला असतो. कुत्र्यासाठीं डॉक्टर बोलावूं म्हटलें तर घरचेच लोक हंसतात. अंतर थोडें असूनही उपचार दूर राहतो, तो अशा रीतीनें.

आमच्यावर आलेला प्रसंग

आमच्या वस्तीवर वाघ्या नांवाचा राखणीचा कुत्रा होता. एका चैत्रांत मोटारसायकलवरून औषधांची पिशवी घेऊन एक गृहस्थ वस्त्या फिरत आले. "वर्षाची सुई देतों, पिसाळण्याची भीति नको," असें ते म्हणाले. पिशवींतून एक कुपी काढून त्यांनीं वाघ्यास व शेजारच्या तीन कुत्र्यांस सुई टोंचली, रोख पैसे घेतले आणि ते निघून गेले. ऊन कडक होतें. पिशवींत बर्फ नव्हता, आणि पावती किंवा दाखला कोणीं मागितला नाहीं. आम्ही तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेली. सहीशिक्क्याचा कागद नसेल तर शेतकऱ्यास परत पाठविणें हा आमचा नित्याचा शिरस्ता होता. त्या दिवशीं मात्र कुत्र्याची बाब म्हणून आम्हांस कागदाची आठवणही झाली नाहीं.

आषाढांत एक परकें कुत्रें वस्तीवर शिरलें आणि वाघ्याच्या तोंडास चावून पळालें. सुई दिलेली आहे या समजुतीनें आम्हीं जखमेस हळद लावली व गोष्ट विसरून गेलों. पांच आठवडे गेले. मग वाघ्या अंधारांत जाऊन बसूं लागला, त्याचा आवाज बदलला, खालचा जबडा लोंबूं लागला आणि तोंडांतून लाळ गळूं लागली. घशांत हाड अडकलें असावें असें समजून आम्हीं त्याच्या तोंडांत हात घालून पाहिलें. आमच्या सालगड्याचा आठ वर्षांचा मुलगा त्यास पाणी पाजण्यास बसला होता. त्याच्या बोटास खरचटलेलें होतें, आणि त्यावर ती लाळ लागली.

शेवटीं सरकारी दवाखान्यांतील डॉक्टरांस आणलें. त्यांनीं दुरूनच कुत्रा पाहिला, सर्वांस मागें सरावयास सांगितलें आणि विचारिलें, "भाऊसाहेब, लस दिल्याचा दाखला आहे का?" आमच्याजवळ दाखला नव्हता. जबडा लोंबणें व घशांत हाड अडकल्यासारखें दिसणें हें मुक्या पिसाळीचें लक्षण आहे, हें त्या दिवशीं प्रथम समजलें. पिसाळलेला कुत्रा अंगावर धांवतोच, असा आमचा समज होता. तो खोटा ठरला.

तिसऱ्या दिवशीं वाघ्या मेला. घरचे चौघे, गडी, त्याची बायको आणि तो मुलगा अशा सात जणांस लस घ्यावी लागली. मुलास जखमेभोंवतीं टोंचावयाचें वेगळें औषधही लागलें, व त्यासाठीं मोठ्या रुग्णालयांत जावें लागलें. या रोगाचीं लक्षणें माणसांत एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं, आणि तीं दिसण्यास एकापासून तीन महिने, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. ते महिने गड्याच्या घरीं व आमच्या घरीं कसे गेले, हें सांगवत नाहीं. मुलगा सुखरूप आहे व शाळेंत जातो. त्याची आई मात्र पुढें कित्येक दिवस पाण्याचा पेला त्याच्या हातीं देऊन तो पितो कीं नाहीं हें पाहत उभी राही.

वैद्य कोणास म्हणावें?

फ्रान्समध्यें लुई पाश्चर यांनीं पिसाळलेलें कुत्रें चावलेल्या मुलास पहिली लस टोंचली ती १८८५ सालीं; आणि मुंबईस पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें तें १८८६ सालीं. विद्या व औषध दोन्ही इतकीं जुनीं असतां आमच्या वस्तीवर पोंचली ती उन्हांत तापलेली कुपी. दोष त्या फिरत्या गृहस्थांचा होताच. पण आम्हीं विचारपूस केली नाहीं, हा दोष आमचा. विचारपूस करावयाची ती कशी, तेंच पुढें सांगतों.

पहिला प्रश्न नोंदणीचा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे. त्याप्रमाणें जनावरांची वैद्यकी करण्याचा व त्यांच्या आरोग्याचा दाखला देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या पदवीधर पशुवैद्यासच आहे. पदविकाधारक पर्यवेक्षकास लस टोंचणें, खच्चीकरण, जखम बांधणें अशीं प्राथमिक कामें करतां येतात, परंतु तीं सरकारच्या परवानगीनें व नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखालीं. सरकारी दवाखान्यांत श्रेणी एक व श्रेणी दोन असा भेद दीर्घकाळ चालत आला आहे. पहिल्यावर पदवीधर अधिकारी व दुसऱ्यावर पर्यवेक्षक, असा त्याचा साधारण अर्थ. पर्यवेक्षकांस कमी लेखण्याचें कारण नाहीं. कित्येकांचा हात फार चांगला असतो. पण आपल्यासमोर उभा आहे तो कोण, हें आपणांस ठाऊक असावें. नोंदणी क्रमांक विचारल्यानें खऱ्या पशुवैद्यास राग येत नाहीं.

दुसरा प्रश्न कागदाचा. लस कोणती, कोणत्या कंपनीची, कुपीवरील गट क्रमांक व मुदत काय, टोंचली केव्हां आणि पुन्हा केव्हां टोंचावयाची, हें लिहून सही घ्यावी. औषध दिलें असल्यास त्याचें नांव व प्रमाण लिहून घ्यावें. म्हणजे गुण न आल्यास दुसऱ्या डॉक्टरांस आधीं काय झालें हें कळतें.

तिसरा प्रश्न बर्फाचा. पिसाळीची लस २ ते ८ अंश सेल्सिअस इतक्या थंडाव्यांत ठेवावी लागते. ती गोठूंही द्यावयाची नसते. सोलापूर जिल्ह्यांतील वैशाखाच्या उन्हांत पिशवींत फिरलेल्या लसीवर कोणीं विसंबूं नये. बर्फाची पेटी नसेल तर सुई नको, असें स्पष्ट सांगावें.

चौथी खूण प्रश्नांत येत नाहीं, अनुभवानें कळते. जो पशुवैद्य "हें येथें होण्यासारखें नाहीं, पुढें न्या" असें वेळेवर सांगतो, तो भरंवशाचा समजावा. पुढें म्हणजे कोठें? सोलापुरास जिल्ह्याचें पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. फलटण-लोणंदच्या वाटेनें गेल्यास शिरवळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथवर आमच्याकडून शंभरांहून अधिक किलोमीटर पडतात. मोडलेलें हाड किंवा शस्त्रक्रियेचें काम असेल तरच एवढा प्रवास करावा, आणि तोही आधीं दूरध्वनि करून. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकास बोलावतां येतें. हें पथक मुख्यतः गुराढोरांसाठीं आहे. कुत्र्यासाठीं येणें जमेल कीं नाहीं, तें प्रथमच विचारून घ्यावें.

आपल्या बाजूचें काम

डॉक्टरांचीही अडचण समजून घेतली पाहिजे. एकेका दवाखान्याकडे अनेक गांवें, त्यांत गाईम्हशींची कामें आधीं. आणि कुत्रा म्हटला कीं चावण्याचें भय. कुत्र्याचें तोंड मऊ पट्टीनें बांधून, गळ्यांत पट्टा घालून, ओळखीच्या माणसानें धरून आणला तर डॉक्टर आनंदानें हात लावतात. मात्र पिसाळीचा संशय असल्यास तोंड बांधण्याच्या भरीस पडूं नये. कुत्रा कोंडून डॉक्टरांस कळवावें. कुत्र्याचें वय, अदमासें वजन, खाणें केव्हांपासून सुटलें व शेतांत कोणतें औषध फवारलें होतें, हें सांगतां आलें पाहिजे. विषबाधेचा संशय असल्यास औषधाचा डबा बरोबर न्यावा, म्हणजे उपाय लवकर ठरतो.

घरगुती औषधांविषयीं दोन शब्द. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यास देऊं नयेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनीं कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होतात. मेंढ्यांच्या गोचिडांसाठीं आणलेलें इंजेक्शन अदमासानें कुत्र्यास टोंचण्याची चालही घातक आहे. पिल्लास रक्ताची हगवण व वांत्या सुरू झाल्या तर तो बहुधा पार्वो रोग असतो. त्यांत एक दिवसाचा उशीरही जीव घेतो, आणि त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून देतां येते. आमच्या भागांत मेंढरें पाळणारे बंधु पुष्कळ आहेत. त्यांनीं कापलेल्या मेंढराचीं कच्चीं आंतडीं, काळीज, फुफ्फुस कुत्र्यास घालूं नये. त्यांतील कृमि कुत्र्याच्या पोटांत वाढतात, आणि त्यांच्या अंड्यांमुळें माणसाच्या यकृतांत पाण्याच्या गांठी होतात.

आणि सर्वांत महत्त्वाचें. कुत्रें चावलें किंवा खरचटलेल्या जागीं त्याची लाळ लागली, तर ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं आरोग्य केंद्रांत जावें. हळद, चुना, तिखट कांहीं लावूं नये. कुत्रा वरून धडधाकट दिसतो म्हणून लस टाळूं नये. लस सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. तितके दिवस तो निरोगी राहिला तर पुढें काय करावयाचें तें डॉक्टर सांगतील.

संघानें काय करावें?

एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें दर वर्षीं एका कुत्र्यासाठीं डॉक्टर आणणें परवडत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु लसीची कुपी अनेक कुत्र्यांपुरतीही मिळते, आणि एकदां उघडली कीं ती लवकर संपवावी लागते. तेव्हां दहाबारा वस्त्यांनीं मिळून एक दिवस ठरविला, तर खर्च वांटला जातो व डॉक्टरांचीही फेरी सार्थकीं लागते. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास शेताचें काम थोडें असतें. त्या वेळीं तीन महिन्यांवरील प्रत्येक कुत्र्यास लस दिली, तर पालखीच्या आधीं पुरते दिवस मिळून ती अंगीं लागते. संघानें एक वही घालावी: वस्तीचें नांव, कुत्र्याचें नांव व रंग, लसीची तारीख, पुढील तारीख, पशुवैद्याची सही.

गेल्या वर्षीं आम्हीं आमच्या बाजूच्या वस्त्यांपुरती अशी वही घातली. पहिल्या दिवशीं लोक हंसले. "भाऊसाहेब आतां कुत्र्यांचा सातबारा काढणार," असें म्हणाले. तरी तेवीस कुत्रीं आलीं. दवाखान्याचे डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन आले व प्रत्येक दाखल्यावर त्यांनीं सही केली. त्यानंतर त्यांपैकीं दोन घरच्यांनीं कुत्र्याच्या दुखण्यासाठीं आपण होऊन त्यांस दूरध्वनि केला, आणि दोन्ही वेळां त्यांनीं उत्तर दिलें. ओळख आधीं झालेली असली कीं अडचणीच्या वेळीं हांक ऐकूं जाते.

आपल्याकडे "गरज सरो, वैद्य मरो" अशी म्हण आहे. आमच्या भागांत कुत्र्यांच्या बाबतींत तर गरज पडेपर्यंत वैद्य कोण आहे हेंच आपणांस ठाऊक नसतें. वाचकांनीं हा अंक बाजूस ठेवण्यापूर्वीं आपल्या जवळच्या दवाखान्यांतील पशुवैद्याचें नांव, नोंदणी क्रमांक व दूरध्वनि क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा, एवढीच विनंति आहे. वहीचें पहिलें पान आम्हीं वाघ्याच्या नांवें ठेविलें आहे. तेथें लसीच्या तारखेची जागा कोरी आहे.