दिवसाची वीज आणि उसाची पाळी



गटसभा असो, वजनकाटा असो की शिवारफेरी असो, आम्हाला हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, सौर फिडरची दिवसाची वीज मिळाली तर आठ तासांत ऊस भिजणार का?" प्रश्न रास्त आहे. कारण वीज कंपनीने आपले काम केले तरी उसाला पाणी पोचवण्याचे काम आपलेच राहते. म्हणून ही योजना काय आहे, ती चालते कशी आणि आपण कोणती तयारी करावी, याचा खुलासा येथे करीत आहोत.

रात्रीची पाळी म्हणजे काय, हे ऊसवाल्याला सांगायला नको. शेतीची थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. थंडीत बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे, पायाखाली घोणस आहे की मण्यार ते दिसत नाही. जुन्नर, संगमनेर या पट्ट्यांत तर उसात बिबट्याच मुक्कामाला असतो. मग माणूस काय करतो? मोटार चालू करतो, पाणी सरीला लावतो आणि घरी येऊन झोपतो. सकाळी पाहावे तर खालच्या अंगाला तळे साचलेले आणि वरच्या सऱ्या कोरड्या. असे वर्षानुवर्षे झाले की जमीन क्षारपड होते. कृष्णाकाठी शिरोळ, वाळवा भागांत अशी नापीक झालेली जमीन डोळ्यांनी पाहता येते. तेव्हा दिवसाची वीज हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. त्यात माणसाचा जीव आहे आणि जमिनीचाही.

कंपनी सौर विजेकडे का वळली?

विद्युत मंडळाची विभागणी होऊन जून २००५ मध्ये महावितरण कंपनी अस्तित्वात आली. राज्यात आज सुमारे ४५ लाख कृषीपंप आहेत. एवढ्या पंपांना लागणारी वीज चंद्रपूर, कोराडीसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांतून आणायची, म्हणजे कोळसा जाळायचा आणि वाटेत तारांतली गळतीही सोसायची. शेतीचा दर कमी, पुरवठ्याचा खर्च जास्त. त्यातला फरक कारखाने, दुकाने आणि शासनाची तिजोरी यांच्यावर पडतो.

यावर उपाय म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. राळेगणसिद्धी (जि. अहिल्यानगर) आणि कोळंबी (जि. यवतमाळ) ही गावे प्रायोगिक प्रकल्पांसाठी निवडली गेली. सुरुवातीला कामाचा वेग बेताचाच होता. २०२३ साली योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे 'योजना २.०', आला आणि काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले गेले. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९,००० मेगावॅटच्या प्रकल्पांची कामे देण्यात आली आणि पुढे हे उद्दिष्ट १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवले गेले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते या टप्प्यातील एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचे लोकार्पण झाले. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील हरळीचा ३ मेगावॅटचा प्रकल्प होता. हरळी म्हणजे आपल्यासारखाच ऊस पिकवणारा मुलूख.

हे चालते कसे?

अनेक सभासदांचा समज असा, की प्रत्येकाच्या बांधावर पॅनेल बसणार. तसे नाही. बांधावर पॅनेल बसतो तो स्वतंत्र सौर कृषीपंपाच्या योजनेत. येथे प्रकल्प आपल्या ३३/११ के.व्ही. उपकेंद्राजवळच्या मोकळ्या जमिनीवर उभा राहतो. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. पॅनेलवर ऊन पडले की वीज तयार होते, इन्व्हर्टर तिचे रूपांतर आपल्या नेहमीच्या विजेत करतो आणि ती उपकेंद्रातून शेतीच्या फिडरवर येते. आपली डी.पी., मोटार, स्टार्टर सगळे तेच राहते.

ढग आले तर काय? उपकेंद्र मुख्य वाहिनीला जोडलेलेच असते. ऊन कमी पडले की उरलेली वीज तिकडून घेतली जाते आणि जास्त झाली तर तिकडे जाते. त्यामुळे ढग आला म्हणून मोटार बंद पडावी असे होत नाही. स्वतंत्र सौरपंपाचे मात्र वेगळे आहे. तो सकाळी आणि संध्याकाळी कमी पाणी फेकतो, भर उन्हात भरपूर फेकतो. ठिबक असणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा, कारण दाब कमी पडला की लॅटरलच्या टोकाला पाणी पोचत नाही.

एक मेगावॅटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट वीज देतो. ही वीज कंपनीला तीन रुपये युनिटच्या आसपास पडते आणि गावाशेजारीच तयार होत असल्याने गळतीही कमी होते. कंपनीचा फायदा आहे म्हणूनच ही योजना टिकेल असे आम्हाला वाटते. नुसत्या मेहेरबानीवर चालणारी योजना फार दिवस चालत नाही.

आठ तासांचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. आपला पंप आठ तासांत किती ऊस भिजवतो, हे प्रत्येकाने एकदा मोजावे. दोनशे लिटरचा पिंप पाइपाखाली ठेवा आणि घड्याळ लावा. समजा पिंप २५ सेकंदांत भरला, तर पंप सेकंदाला ८ लिटर पाणी देतो. आठ तासांत झाले सुमारे २ लाख ३० हजार लिटर. एका एकरात एक इंच पाणी द्यायला सुमारे एक लाख लिटर लागते. पाटपाण्याने तीन इंचांची पाळी दिली तर एकराला तीन लाख लिटर. म्हणजे दिवसाला पाऊण एकर भिजला. उन्हाळ्यात दहा दिवसांची पाळी धरली, तर या पंपावर साडेसात एकर ऊस निघतो, तोही एकही दिवस वीज गेली नाही तर. पाटात मुरणारे पाणी धरले की हा आकडा आणखी खाली येतो.

ज्यांचे क्षेत्र यात बसत नाही, त्यांनी वीज अपुरी म्हणून कुरकुर करण्याआधी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, खोडव्याचे पाचट जाळू नये. एकरी तीन-चार टन पाचट निघते. ते सरीत आच्छादले की ओल टिकते आणि पाळी लांबवता येते. दुसरी, पाणी कमी असेल तेव्हा एकाआड एक सरी भिजवावी. तिसरी, जमेल त्याने ठिबक करावे. पाण्यात सुमारे ४० ते ५० टक्के बचत होते आणि खतही मुळाशी जाते. ठिबकचे भाग पाडताना मात्र सगळे भाग आठ तासांत उरकतील असेच पाडावेत. रात्रीच्या भरवशावर एकही भाग ठेवू नये.

चौथी गोष्ट 'ऑटो'ची. वीज आली की फिडरवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणात चालू होतात, व्होल्टेज पडते, डी.पी. जळते आणि आठ दिवस सगळेच बसून राहतात. आता वेळ दिवसाची आहे, माणूस रानात आहे. मग ऑटोची गरज काय? तो काढावा आणि मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवावा. एका डी.पी.वरच्या सर्वांनी एकत्र बसून हे ठरवावे. एकट्याने करून उपयोग नाही.

पाचवी, सामाईक विहिरीची. आजवर थोरल्याची पाळी दिवसा, तर धाकट्याची रात्री असे चालायचे. आता सर्वांना तेच आठ तास हवेत. पाळ्या तासांऐवजी दिवसांवर बांधाव्यात आणि त्या लिहून ठेवाव्यात. यात एक लाभही आहे. उरलेले सोळा तास विहिरीला झरे भरायला मिळतात. परंतु एका ओढ्यावरचे सगळे पंप एकाच वेळी चालले तर पाणी झपाट्याने खाली जाईल, हेही विसरू नये.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल माफीची योजना आहे. बिल नाही म्हणून मोटार चालूच ठेवायची, ही सवय लागली तर दिवसाची वीजही क्षारपड थांबवू शकणार नाही. वीज फुकट असली तरी पाणी फुकट नाही आणि जमीन तर नाहीच नाही.

जमीन द्यावी का?

प्रकल्पासाठी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार, आणि दरसाल ३ टक्के वाढ असा दर आहे. या हिशेबाने दहाव्या वर्षी एकरी सुमारे ६५ हजार होतात. मुरमाड माळरान किंवा पाण्याची सोय नसलेले रान असेल तर हा पैसा चांगला आहे. पण कसदार, बागायती उसाची जमीन देण्याची घाई करू नये. वीजखरेदीचा करार २५ वर्षांचा असतो आणि तेवढा काळ जमीन अडकते. घरातल्या मुलामुलींशी बोलून, कागद वाचून, मगच सही करावी.

शेवटी एक गोष्ट. सूर्य मावळला की ही वीज थांबते. रात्रीची गरज कोळसा, पाणी, वारा आणि हंगामात आपल्या उसाचा भुसा भागवतो. सहवीजनिर्मिती प्रकल्प चालवणारे कारखाने याच बगॅसवर दिवसरात्र वीज करून विकतात. म्हणजे एका अर्थी ऊस उत्पादकही स्वच्छ वीज पिकवतोच. सौर वीज स्वस्त होत असल्याने बगॅसच्या विजेच्या दरावर ताण येतो हे खरे. त्यावर आपल्या हातातला उपाय म्हणजे एकरी टन वाढवणे, आणि तो पाण्याच्या शिस्तीतून जातो.

तरी सर्व सभासदांनी पुढील पाळीच्या आत आपल्या पंपाचा विसर्ग मोजावा आणि तो आकडा गटाच्या शेतकी मदतनिसाकडे नोंदवावा. आमच्या विभागाचे कर्मचारी क्षेत्रानुसार पाळीपत्रक तयार करून देतील. रात्रीचे दारे धरणे सुटावे ही सर्वांचीच इच्छा आहे. ते सुटेल त्या दिवशी आपले रान तयार असले पाहिजे.

कळावे,
ऊस विकास अधिकारी